लोकरीतला दिवा

आमच्या गारखेड्यात नळाला पाणी येतं त्या दिवशी घरात कुणी कुणाचं नसतं. आधी हौद भरायचा, हौदातलं मोटारीने वरच्या टाकीत चढवायचं, मग पिंपं, मग बादल्या, हंडे, कळशा, आणि जोर उरलाच तर पातेलीसुद्धा. एकदा चुकलं की पुढचं पाणी कधी येईल हे सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. दिवाळी नुकती संपली होती. फराळाच्या डब्यांच्या तळाशी शेवेचा चुरा तेवढा राहिला होता. आमचे हे बनियनवर, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, टॉर्च घेऊन हौदात डोकावत होते आणि मी एका हाताने पिंपात नळी धरून दुसऱ्या हाताने चहाचं आधण ठेवत होते.

तेवढ्यात दार वाजलं.

बेल असताना दार वाजवणारा आमच्या गल्लीत एकच माणूस. जन्मभर महापालिकेच्या विजेच्या खांबांवर चढला, पण बेल कधी दाबत नाही. "दाराला कडी हाय की ताई, करंट कशाला जाळायचा?" म्हणतो.

"केरबामामा आले वाटतं," मी म्हणाले.

"आज?" हौदातून आवाज आला. "त्यांच्याकडे पाणी आलं नाही का?"

दार उघडलं तर केरबामामाच. खांद्यावर घोंगडं होतं, पण डोक्याला पटका नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांना पटक्याशिवाय पाहिलं नव्हतं. पांढरे विरळ केस, कपाळावर पटक्याच्या कडेचा फिकट पट्टा. दारात दुसराच कुणी माणूस उभा आहे असं क्षणभर वाटलं.

"ताई, गोळा गेला."

"फुटला?"

"फुटला असता तर तुकडं तरी दिसले असते. लोकरीसंगं गेला."

आता हा गोळा कोणता ते सांगायला हवं, आणि त्यासाठी केरबामामाही सांगायला हवेत.

आमच्या गल्लीतले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवायला माणसं आली होती तेव्हा माझी त्यांची ओळख झाली. शिडीवरचा पोरगा जुन्या दिव्यांचे स्क्रू काढून दिवे वरूनच खाली सोडत होता. खाली एक म्हातारे गृहस्थ खांद्यावरचं घोंगडं दोन्ही हातांनी झोळीसारखं पसरून उभे होते. दिवा त्यात पडला की असे सावरत, जसं गच्चीवरून पडणारं मूल झेललंय. मी गेटशी उभी राहून बघत होते. मला म्हणाले, "बाई, ह्यो गेल्या पिढीतला शेवटचा. ह्याच्यामागं पाऱ्याचा व्हता, त्याच्यामागं साध्या बल्बाचा. समदे हायेत माझ्याकडं. या एकदा."

मी गेले. त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. आत जुन्या औरंगाबादचे दिवे आहेत. बोळांमधले चौकोनी काचांचे, घासलेटवर जळणारे कंदील. थाळीसारख्या लोखंडी टोप्या, बाहेरून हिरव्या, आतून पांढऱ्याशुभ्र मिन्याच्या. ओतीव खांबांच्या वेलबुट्टीच्या कमानी. कुठला कुठून आला ते त्यांना तोंडपाठ. भंगारात निघालेला दिवा साहेबांना विचारल्याशिवाय त्यांनी कधी उचलला नाही. 'ने बाबा, तुझा एवढा जीव आहे तर' असं म्हणणारे साहेबही त्यांना भेटत गेले. काचा राखेने घासायच्या, लोखंडाला तिळाचं तेल लावायचं, आणि रोज एकाला बल्ब लावून शेडच्या दारात टांगायचा. आज कुणाची पाळी, ते ठरलेलं असतं. दिवस मावळला की शेडमध्ये जाऊन प्रत्येकावर हात ठेवून यायचं.

"जित्राबं रानातून आली का बघावं लागतं," म्हणतात. "त्याबिगर झोप लागत नाय."

जित्राबांची ही सवय रक्तातली. घर मेंढपाळाचं. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या दिवाळीला तू झालास, असं त्यांची आई सांगायची. वडिलांचा कळप वेरूळच्या डोंगरापासून खाली गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठापर्यंत फिरायचा, बिऱ्हाड घोड्यावर. आता कळप धाकटा भाऊ मुंजाबा सांभाळतो. केरबा मात्र तरणेपणी शहरात आले ते पालिकेच्या दिवाबत्तीत शिडी उचलायला, आणि खांबावर चढायला शिकून तिथंच म्हातारे झाले.

आणि त्या सगळ्या दिव्यांतला सगळ्यात जिवाचा म्हणजे गोळा. दुधी काचेचा, मोठ्या भोपळ्याएवढा. एके काळी औरंगपुऱ्याच्या एका चौकातल्या खांबावर होता. तो आणि कंदिलांच्या सुट्या काचा मामा एका पोत्यात, कच्च्या लोकरीत पुरून ठेवायचे. हे त्यांच्या आईचं शिक्षण. बिऱ्हाड हलवताना ती आरसा आणि कोंबड्यांची अंडी लोकरीत घालून घोड्यावर लादायची. घाट उतरला तरी अंड्याला तडा जायचा नाही.

"पण लोकरीसंगं गेला म्हणजे?" मी विचारलं.

"मुंजाबानं दिवाळीआधी मेंढरं कातरली. लोकरीची पोती माझ्या शेडात ठिवली व्हती, पावसाचा भरवसा नव्हता म्हणून. काल भाऊबीज. मी बहिणीकडं गेलो, मुंजाबाच्या वाटचीबी ओवाळणी घातली. मेंढरं सोडून त्याला दिसभर कसं ऱ्हाता येईल? यायला रात झाली, तसाच झोपलो. आता सकाळी शेडात गेलो तर जागा रिकामी. मुंजाबा काल उभ्याउभ्या टेंपो घेऊन आला आन् समदी पोती नेली."

"कुठं?"

"वेरूळच्या अलीकडं. दगडाबाई म्हणून हायेत, घोंगडी विणत्यात."

"मग मुंजाबाला फोन लावा ना."

"लावला. ती बाई म्हणती संपर्काच्या भाईर हाय. डोंगराला गेला असंल. दगडाबाईचा नंबर त्याच्यापाशीच." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, पटका नाही हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असावं. "लोकर आली का ती बाई आदी उन्हात पसरती. मंग काठीनं झोडपती."

'झोडपती' ऐकलं आणि दाराशी येताना हातात तशीच राहिलेली नळी सुटून माझ्याच पायावर आली.

आमचे हे टॉर्च घेऊन मागे येऊन उभे होते. त्यांनी एकदा मामांच्या डोक्याकडे पाहिलं, एकदा नळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तू गाडी काढ. पाणी मी भरतो."

पाण्याच्या दिवशी असं वाक्य बोलायला छाती लागते. मी आधण उतरवलं, साध्या सलवार-कमीजवर लाल सुती ओढणी घेतली आणि गाडीची किल्ली उचलली.

गल्लीच्या तोंडाशी बानाबाईमामी उभ्या होत्या, मामांची बायको. पदराचं टोक दातात धरलेलं. गाडी हळू केली तशी खिडकीशी आल्या. "ताई, मीच पोती दावली मुंजाबाला. मीच एका बाजूनं धरलं. मला वाटलं समदी लोकरच. शेड झाडायला जागा व्हईल म्हणलं." मग खाली वाकून पलीकडे बसलेल्या मामांकडे बघत म्हणाल्या, "सकाळधरनं बोलंना झालेत. ओरडा म्हणावं एकदा. ओरडत का नाय?"

मामा समोरच्या काचेतून बघत राहिले.

क्रांती चौकात सिग्नल लागला तेव्हा ते बोलले, पण बायकोबद्दल नाही. "जरा दाबा की ताई." छावणी गेली, मिटमिटा गेलं. दर थोड्या वेळाने तेच, जरा दाबा. आणि दौलताबादचा किल्ला मागे पडून घाटाची वळणं लागली तसं एकदम उलटं सुरू झालं, "दमानं, दमानं." जणू गोळा आमच्याच गाडीत होता.

"टेंपोवाला ह्या वळणांवर काय दमानं घेणार व्हता?" असं स्वतःशीच म्हणाले.

गप्प बसवेना म्हणून मी विचारलं, "मामा, त्या गोळ्याचंच एवढं काय? खांब तुम्ही इतके उतरवले."

"तो नुसता उतरवला नाय ताई. त्याच्याखाली मी हुबा व्हतो."

मग सांगितलं. लहान असताना आईबरोबर औरंगपुऱ्यात आले होते. आईला काही बाजार करायचा होता. गर्दी बघून तिने पोराला चौकातल्या खांबाशी नेलं, वरचा पांढरा गोळा दाखवला. म्हणाली, चुकलास तर हितं येऊन हुबा ऱ्हा. हिकडंतिकडं पळायचं नाय. मी हितंच येईन. आणि पोरगं चुकलं. एक माणूस पेटीत डोळा लावायला सांगून आतली चित्रं दाखवत होता, त्याच्यामागे गेलं.

"रडत रडत खांब हुडकला. दिवस मावळला. मला वाटलं आता आपुन हितलेच झालो. आन् मग डोक्यावर दिवा लागला. तवर मी असा लागलेला दिवा कदी खालनं बघितला नव्हता. त्याच्याकडं बघतच ऱ्हायलो, रडायचं इसरलो. आई आली. आदी फटकं दिले, मंग जवळ घेतलं."

"मग?"

"मग काय, रस्ता रुंद करायचा म्हणून खांब काढायचा निघाला, तवा मी नोकरीत व्हतो. दुसऱ्याला वर चढू दिलं नाय. पटक्यात बांधून गोळा खाली आणला. साहेब म्हणले, ने बाबा. आई त्येच्याआदीच गेली व्हती. तिला दावायचा ऱ्हायला."

खुलताबाद ओलांडलं, उतार लागला. वेरूळच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून वस्तीच्या कच्च्या वाटेला लागलो. मी काच खाली केली, आणि आवाज आला. सट्. सट्. सट्. दोन काठ्या पाठोपाठ कशावर तरी पडत होत्या.

मी मामांकडे बघितलं नाही. बघवेना. गाडी नीट थांबायच्या आत ते दार उघडून उतरले आणि अनवाणीच धावले. चपला माझ्या गाडीत राहिल्या.

अंगणात चटईवर पांढरी लोकर पसरली होती. दोन बायका समोरासमोर बसून ती झोडपत होत्या. उन्हात लोकरीचे तंतू उडत होते. पलीकडे ओसरीवर एक म्हातारी बसलेली, अंगापिंडाने वाळलेली पण आवाज खणखणीत.

"थांबा!" मामा ओरडले. "काठ्या थांबवा!"

काठ्या थांबल्या. मामा लोकरीत गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी चाचपायला लागले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"कोन रं बाबा तू?" म्हातारीने विचारलं. "माझी लोकर काहून विस्कटतो?"

"मी केरबा. मुंजाबाचा थोरला भाऊ."

दगडाबाई त्याच होत्या. नाव ऐकलं आणि ओसरीवरून ताडकन उठल्या. "आलास? बरं झालं! चोराचा भाऊ आपल्या पायानं आला! ए, या गं समद्या, या! ज्याला बगायचं त्यानं या!"

शेजारच्या घरांतून बायाबाप्ये जमायला लागले. मी गाडीपाशीच उभी. काय प्रकार आहे कळेना.

"काय चोरी केली आमच्या मुंजाबानं, आक्का?"

"काय केली? मेलं माझं हाड लोकर चाचपण्यात झिजलं. वजन वाढवायला कोन पाणी मारतं, कोन रेती घालतं, मला समदं ठावं हाय. म्हणून पोतं आलं का आदी खांद्यापतूर हात घालते आत. मुंजाबा असला नव्हता. त्याच्या बापाची लोकर घेतलीय मी. आन् आवंदा काय केलं त्यानं? पोत्यात धोंडा घातला! आन् एवढासा नाय, भोपळ्याएवढा! आरं, फसवायचं तर लाजंनं फसवावं की!"

मामा लोकरीतून उठत होते, ते मध्येच थांबले. "धोंडा? गोल?"

"गोल. गार. हाताला लागला तसा मी हात काढून घेतला. म्हणलं, ह्येला आता कोनी हात लावायचा नाय. सुतळीनं तोंड शिवून ठेवलंय. मुंजाबाला बोलवायचं, चार मानसांत पोतं रिकामं करायचं, मग बोलायचं त्याच्याशी!"

मामा पुन्हा लोकरीत बसले आणि हसायला लागले. तोंडावर हात घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी गाडीच्या बॉनेटला टेकले.

"हसतोस? वर हसतोस?" दगडाबाईंचा पारा आणखी चढला.

"आक्का, धोंडा माझाच हाय. मुंजाबाला त्यातलं काय ठावं नाय. सोडा ते पोतं. चार मानसं जमलीच हायेत, त्यांच्यासमोर सोडा."

पोतं ओसरीच्या कोपऱ्यात उभं होतं. एक कोकरू त्याला टेकून निवांत झोपलेलं. दगडाबाईंची सून त्याला उचलायला गेली तर बें करून पुन्हा तिथेच आलं. सुतळी कापली. मामांनी बाही वर सारली, डोळे मिटले आणि हात आत घातला. अडलेल्या मेंढीच्या पोटातलं कोकरू फिरवून बाहेर घेतात ना, तसा. आजूबाजूला सगळे त्यातलेच, सगळ्यांना ते कळलं असणार.

लोकरीचा एक पुंजका आला, दुसरा आला, आणि मग पांढरा, गुळगुळीत गोळा वर आला. तंतू चिकटलेले. मामांनी तो मांडीवर घेतला, सदऱ्याने पुसला, कानाशी नेला आणि नखाने हलकेच टिचकी मारली.

टण्ण.

काच सलग असली की असाच आवाज येतो, तडा गेला की बद्द वाजते. मामांनी फिरवून फिरवून टिचक्या मारल्या. सगळीकडून टण्ण. मग दगडाबाईंनी हात पुढे केला आणि त्यांनीही एक टिचकी मारून बघितली.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "दिवा हाय व्हय ह्यो?"

खालून कंदिलाच्या काचा निघाल्या. त्यांतली एक बद्द वाजली. मामांनी ती बाजूला ठेवली, तिच्यावरून एकदा बोट फिरवलं, बस्.

"काच आन् लोकरीत?" दगडाबाईंचा सूर अजून रागाचाच होता, पण आता तो घरच्या माणसावर काढतात तसला राग होता. "कुनी सांगितलं तुला?"

"आईनं शिकवलं, आक्का."

"आरं येड्या, तुझ्या आईची लोकर तिच्याच घोड्यावर असायची. ती कुटं जाती, तिला दिसायचं. आता लोकर टेंपोत बसून माझ्या दारात येती आन् मी काय करते? झोडपते!" त्या हातवारे करत होत्या आणि जमलेले लोक हसत होते. "नशीब समज, तुझा भाऊ मला चोर वाटला."

मग बकरीच्या दुधाचा चहा झाला. मामांनी पोत्यातली सगळी लोकर तिथेच दिली. आम्ही निघताना दगडाबाई गाडीपर्यंत आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मुंजाबाला चोर म्हणले, ते सांगू नगंस बरं का."

"सगळी वस्ती जमवून म्हणलंय आक्का."

"वस्ती सांगत असंल तर सांगू दे. तू सांगू नगंस."

आता गोळा न्यायचा कसा? पोतं रिकामं, मामांचा पटका घरी, खांद्यावरचं घोंगडं कंदिलाच्या काचांना लागलं. मी ओढणी काढून दिली. त्या लाल ओढणीत गुंडाळलेला गोळा मांडीवर घेऊन मामा पुढच्या सीटवर बसले. कंदिलाच्या काचा मागे, त्यांच्याच घोंगड्यात. परतीच्या वाटेवर ना दाबा, ना दमानं. घाट चढून वर आलो. मामा मधूनमधून ओढणीवरून हात फिरवत होते. एकदा म्हणाले, "लाल लई उठून दिसती, न्हाई का? लांबूनबी कळतं, ही लोकर नाय."

मी हसले. तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं नाही.

गल्लीत शिरलो तर बानाबाईमामी आमच्याच पायरीवर बसलेल्या. सकाळपासून तिथेच असाव्यात. आमच्या ह्यांनी त्यांना चहा करून दिला होता, कप शेजारी पडला होता. घरात तर काय, सगळी पिंपं भरलेली, हंडे भरलेले, फुलदाण्यासुद्धा भरून ओळीत मांडलेल्या.

गाडी थांबताच मामी उठल्या, पण पुढे येईनात. मामा गोळा सांभाळत उतरले आणि सरळ त्यांच्याकडे गेले. ओढणीचं टोक बाजूला केलं.

"आला बघ."

मामींनी पदर डोळ्यांना लावला. "सकाळधरनं एक शबूद बोलला नाय मला."

"बोललो असतो तर वंगाळ बोललो असतो," मामा म्हणाले. "म्हणून बोललो नाय." मग गोळा पुढे करून, "वाजवून बग."

मामींनी भीत भीत बोट लावलं. टण्ण. त्या एकदम पायरीवर बसल्या. "जन्मभर ह्या दिव्यांनी मला सवतीवाणी छळलं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आन् आज ह्याच्यासाठी मी उपाशी बसले!"

"उपाशी? शेव खाल्लीत की तुम्ही माझ्याबरोबर," आतून हे म्हणाले.

"चुराच व्हता तो," मामी म्हणाल्या, आणि मग सगळेच हसलो.

संध्याकाळी पुन्हा दार वाजलं. डोक्याला पटका होता. मामांनी माझी ओढणी धुऊन, घडी घालून आणली होती. त्यांच्या मागे गल्लीच्या टोकाला शेडच्या दारात दुधी गोळा टांगलेला दिसत होता, लागलेला. खरं तर त्या दिवशी पाळी दुसऱ्याच कुणाची होती म्हणे, पण मोडली.

"ओढणी ठेवायची की मामा. गोळ्यासाठीच," मी म्हणाले.

"नाय नाय, ही तुमची चांगली हाय." ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "पर एक मागायचं व्हतं."

"मागा ना."

"बानाची समदी जुनी लुगडी वाकळंत गेली. गोळ्याला गुंडाळायला तुमच्याकडं एखादं जुनं लुगडं असलं तर द्या. सुती. लाल नायतर हिरवं, कसलंबी चालंल. पांढरं तेवढं नको."